जुन्या फोर-बाय-फोरला टोचन लावण्याआधी

“गिअर न्यूट्रलला आहे ना? मग ओढ बिनधास्त.” रस्त्यात बंद पडलेल्या गाडीभोवती चार माणसं जमली की त्यातला एक तरी हे म्हणतोच. मीही एकदा ऐकलं होतं. जुनी जीप, फ्युएल पंपाने मान टाकलेली, पुढे मित्राची पिकअप, मध्ये पट्टा. मुख्य गिअर न्यूट्रलला टाकला आणि सत्तरेक किलोमीटर आरामात आलो. पंप अर्ध्या दिवसात बदलून झाला. गाडी सुरू केली, क्लच सोडला, आणि गिअरबॉक्समधून जात्यात खडे पडल्यासारखा आवाज यायला लागला. पंपाचं बिल क्षुल्लक वाटावं इतका खर्च पुढे त्या पेटीवर झाला. त्या दिवशी माझ्या हाताशी मुख्य गिअरच्या शेजारी दुसरा, छोटा दांडा होता: इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या ट्रान्सफर केसचा. सत्तर किलोमीटरमध्ये मी त्याला एकदाही हात लावला नव्हता.

पट्टा, शॅकल (पिनने बंद होणारी लोखंडी कडी), ब्रेक हे सगळं पुढे येईलच. पण सुरुवात त्या दांड्यापासून करायला हवी, कारण तिथली चूक ओढताना कळत नाही. गाडी मुकाट्याने मागे येत राहते.

चाक फिरलं की आत काय काय फिरतं

इंजिनची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते, तिथून ट्रान्सफर केसमध्ये, आणि ट्रान्सफर केस ती पुढच्या-मागच्या प्रोपेलर शाफ्टना देते. शाफ्टच्या टोकाला डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी), त्यापुढे चाकं. गाडी ओढताना हा सगळा प्रवास उलटा होतो. चाक शाफ्टला फिरवतं, शाफ्ट ट्रान्सफर केसला, आणि छोटा दांडा टू-व्हीलवर असेल तर ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टला फिरवते.

ग्यानबाची मेख इथेच आहे. जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरवायला बहुधा पंप नसतो. खालचा लेशाफ्ट ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि फिरताना त्याचे दाते ऑइल वर उडवतात. या लेशाफ्टला फिरवतो इनपुट शाफ्ट, म्हणजे शेवटी इंजिनच. गाडी न्यूट्रलमध्ये ओढत असता तेव्हा इंजिन बंद, लेशाफ्ट थांबलेला, पण वरचा मेनशाफ्ट मात्र चाकांबरोबर गरगरत असतो. त्याच्यावर बसलेले गिअर थांबलेल्या लेशाफ्टच्या दात्यांत अडकून जागच्या जागी उभे, आणि त्यांच्या पोटातून शाफ्ट कोरडाच फिरतोय. निडल बेअरिंग आणि बुश यांना तेवढ्या वेळात ऑइलचा थेंब मिळत नाही. दोन-तीन किलोमीटर हळू ओढली तर बहुतेक वेळा निभावून जातं. पन्नास-साठ ओढली तर माझ्यासारखी गत होते.

ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकली की ही साखळी मधेच तुटते. चाकं, डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट आणि ट्रान्सफर केसचे आउटपुट फिरत राहतात, पण गिअरबॉक्सपर्यंत काही पोचत नाही. आणि आता अनेकांना उलटी वाटणारी गोष्ट: ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर मुख्य गिअर बऱ्याच पार्ट-टाइम, म्हणजे एरवी दोनच चाकांवर चालणाऱ्या, गाड्यांत न्यूट्रलला ठेवायचा नसतो, गिअरमध्ये टाकायचा असतो. कारण साधं आहे. आतल्या ऑइलच्या ओढीने ट्रान्सफर केसचा इनपुट शाफ्टही हळूहळू फिरायला लागू शकतो, आणि त्याच्यामागून गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट. गिअर टाकलेला असला की बंद इंजिन त्याला धरून ठेवतं.

आधी गाडीची जात ओळखा

वर सांगितलेलं सगळं विलीज, सीजे जीप, जिप्सी अशा पार्ट-टाइम गाड्यांना लागू होतं. छोट्या दांड्यावर (विलीजमध्ये दोन छोट्या दांड्यांवर मिळून) टू-हाय (दोन चाकं), फोर-हाय (चारही चाकं), न्यूट्रल, फोर-लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) अशा जागा असतात आणि एरवी गाडी मागच्या दोन चाकांवरच चालते. तरी या गाड्यांतही ऑइलची सोय सारखी नसते. जीप रँग्लरमधल्या एनपी 231 सारख्या चेनवाल्या ट्रान्सफर केसमध्ये छोटा ऑइल पंप मागच्या आउटपुट शाफ्टवर असतो, त्यामुळे न्यूट्रलमध्ये ओढतानाही तो काम करतो. नुसत्या गिअरवर चालणाऱ्या जुन्या पेट्यांत ऑइल उडण्यावरच भिस्त असते. म्हणून काही पुस्तिकांत ठरावीक अंतरानंतर थांबून, ट्रान्सफर न्यूट्रल आणि मुख्य गिअर टाकलेल्या अवस्थेत इंजिन मिनिटभर चालवायला सांगितलेलं असतं, म्हणजे आत पुन्हा ऑइल पसरतं. इंजिनच बंद पडलं असेल तर हे अर्थातच जमणार नाही. अशा वेळी लांब पल्ला असेल तर शाफ्ट काढणं उत्तम. त्याबद्दल पुढे.

दुसरी जात कायम चारही चाकांवर चालणाऱ्यांची: जुनी लँड रोव्हर डिफेंडर, लाडा निवा. यांच्या ट्रान्सफर केसमध्ये मधलं डिफरन्शियल असतं आणि त्याला लॉक असतो. चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढताना तो लॉक काढलेला हवा आणि ट्रान्सफर न्यूट्रलला हवी. डिफेंडरमध्ये मुख्य गिअरही न्यूट्रललाच ठेवतात, जीपसारखा टाकलेला नाही. म्हणूनच एका गाडीचा नियम दुसरीला लावू नका. पुस्तिका हरवली असेल तर त्याच मॉडेलची मिळवा. त्यातलं टोइंगचं पान एकदा वाचून फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

तिसरी जात म्हणजे ट्रान्सफरला न्यूट्रलच नसलेल्या, बटणावर किंवा व्हिस्कस कपलिंगवर (घट्ट द्रवातून ताकद पुढे देणाऱ्या जोडावर) चालणाऱ्या गाड्या. यांना चारही चाकं उचलून फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवा. वाद घालू नका.

खरं तर कोणत्याही जातीला फ्लॅटबेडच सगळ्यांत चांगला. पुढचं सगळं तो मिळत नसेल तेव्हासाठी.

न्यूट्रल खरंच न्यूट्रल आहे का

जुन्या गाडीचा दांडा जे दाखवतो त्यावर विश्वास ठेवू नये. बुश झिजलेले, लिंकेज ढिलं, मुठीवरची अक्षरं पुसलेली. दांडा न्यूट्रलच्या खाचेत आणि आतला फोर्क अजून टू-हायला चिकटलेला, असं मी तीनदा तरी पाहिलंय.

इंजिन चालू होत असेल तर परीक्षा सोपी. सपाट जागा, चाकांपुढे-मागे ठोकळे, समोर कुणी उभं नको. ट्रान्सफर न्यूट्रलला टाका, मुख्य गिअर पहिल्यात, पाय ब्रेकच्या जवळ ठेवून क्लच हळूहळू पूर्ण सोडा. गाडी जागची हलली नाही आणि इंजिन दबलं नाही तर पास. रिव्हर्समध्येही हेच करून बघा. मग इंजिन बंद करून पुस्तिकेत सांगितलं असेल त्या गिअरमध्ये ठेवा.

इंजिन बंदच असेल तर मुख्य गिअर पहिल्यात टाका, ठोकळे काढा, हँडब्रेक सोडा आणि दोघांनी गाडी ढकलून बघा. एक जण ब्रेकवर बसलेला असू द्या. सहज घरंगळली तर ट्रान्सफर न्यूट्रलला आहे. गाडी अडली, किंवा बॉनेट उघडं ठेवून पाहिल्यावर पंख्याची पुली झटके देत फिरताना दिसली, तर नाही.

तिसरी खातरजमा टोचन लावल्यावर, अगदी निघताना. पुढच्या गाडीला पाच-सहा मीटर माणसाच्या चालीने जायला सांगा आणि बाजूला सुरक्षित अंतरावर उभं राहून वाकून बघा. मागचा प्रोपेलर शाफ्ट फिरेल, ते बरोबर आहे.  चाक फिरतंय आणि इंजिनची पुलीही फिरतेय, असं दिसलं तर लगेच थांबवा.

एकदा जागा सापडली की दांडा दोरीने सीटच्या पायाला बांधून टाका. खड्ड्यात धक्का बसून तो टू-हायमध्ये सरकला आणि मुख्य गिअर पहिल्यात असला, तर चाकं बंद इंजिनला पहिल्या गिअरच्या जोराने फिरवू पाहतील. त्यातून क्लचपासून वॉल्व्हपर्यंत काहीही जाऊ शकतं.

पुढच्या चाकांना लॉकिंग हब (चाक आतल्या शाफ्टला जोडणारे किंवा सोडणारे) असतील तर दोन्ही फ्री करा. एक फ्री, एक लॉक असं राहू देऊ नका. ऑटोमॅटिक हब बऱ्याचदा थोडं उलट्या दिशेला गेल्याशिवाय सुटत नाहीत. बंद गाडी असेल तर ट्रान्सफर टू-हायला आणून मीटर-दोन मीटर मागे ढकला, आणि मग न्यूट्रल.

फोर-व्हीलमध्येच अडकलेली गाडी हा वेगळा त्रास. कडक रस्त्यावर फोरमध्ये चाललेल्या पार्ट-टाइम गाडीच्या शाफ्टमध्ये पीळ भरतो, आणि दांडा कितीही ओढला तरी हलत नाही. हातोडी काढू नका. गाडी थोडी मागे-पुढे ढकला, स्टिअरिंग सरळ ठेवा. पीळ सुटला की दांडा एका बोटाने येतो.

शाफ्ट काढायचा झाला तर

पल्ला मोठा असेल, ट्रान्सफर केसमध्येच बिघाड असेल, किंवा ऑइलची खात्री नसेल, तर जमिनीवर राहणाऱ्या चाकांचा प्रोपेलर शाफ्ट उतरवणं हाच पक्का उपाय. काम तासाभराचं. पण एक गोष्ट विसरून माणसं गाडीखाली जातात, आणि ती जिवावर बेतू शकते.

विलीज आणि लँड रोव्हरसारख्या कित्येक जुन्या गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर एक ड्रम असतो, हँडब्रेक त्याला धरतो. म्हणजे मागचा शाफ्ट सुटला की हँडब्रेक कितीही घट्ट ओढलेला असला तरी मागच्या चाकांशी त्याचा संबंध संपला. आणि ट्रान्सफर न्यूट्रलला असल्यामुळे गिअर टाकूनही गाडी धरली जात नाही. तुम्ही गाडीखाली पाठीवर, शेवटचा बोल्ट निघाला, उतार असला तर गाडी चालू पडली. म्हणून आधी चारही चाकांना ठोकळे, तेही दोन्ही बाजूंनी. उतारावर हे काम करूच नका.

आता शाफ्ट. फ्लँज (ज्या तबकडीला शाफ्ट बोल्टने आवळलेला असतो ती) आणि शाफ्ट यांच्या जोडावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा, दोन्ही टोकांना. परत बसवताना रेघा जुळल्या की शाफ्टचा बॅलन्स पूर्वीसारखा राहतो. मग चारही बोल्ट ढिले करा, पण शेवटचा काढताना दुसरा हात शाफ्टखाली असू द्या. एका क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाच्या हलत्या सांध्यावर) लोंबकळत ठेवलेल्या शाफ्टने क्रॉस आणि सील दोन्ही बिघडतात. फ्लँजऐवजी यू-बोल्टने आवळलेला क्रॉस असेल तर सुटल्याबरोबर त्याच्या दोन्ही कपांना टेप गुंडाळा. कप पडला की आतल्या सुया गवतात जातात. काही गाड्यांत, एनपी 231 मध्येही, शाफ्टचं टोक सरळ ट्रान्सफर केसमध्ये सरकवलेलं असतं. ते ओढून काढलं की मागून ऑइल गळतं आणि धूळ आत जाते. जाड प्लॅस्टिक आणि रबरी पट्टीने तोंड घट्ट बांधा. परत बसवताना ऑइलची पातळी तपासा. बोल्ट आणि नट एका डबीत घालून ती ड्रायव्हरच्या सीटवर ठेवा.

दोन चाकं उचलून नेणारा क्रेनवाला आला तर

क्रेनवाल्याला घाई असते. त्याला थांबवा आणि विचारा की कोणती चाकं जमिनीवर राहणार. पुढची बाजू उचलली तर मागचा शाफ्ट फिरणार. पार्ट-टाइम गाडीत ट्रान्सफर न्यूट्रल करून थोडं अंतर जाता येतं. मी स्वतः मागचा शाफ्ट काढल्याशिवाय जाऊ देत नाही. मागची बाजू उचलली तर पुढचे हब फ्री करा आणि स्टिअरिंग पट्ट्याने सरळ बांधा. चावी काढून नुसत्या स्टिअरिंग लॉकवर विसंबू नका, तो एवढ्या झटक्यांसाठी बनवलेला नाही.

ट्रान्सफर फोरमध्ये राहिली तर खालची चाकं वरच्या चाकांनाही फिरवतात आणि गाडी क्रेनच्या पाळण्यातून स्वतःच उतरायला बघते. कायम चार चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक बाजू थांबलेली आणि दुसरी पळतेय अशा स्थितीत मधल्या डिफरन्शियलचे छोटे गिअर भलत्या वेगाने फिरतात. तिथे जमिनीवरच्या चाकांचा शाफ्ट काढायचाच.

पट्टा, दांडी आणि कुठे अडकवायचं

चिखलातून उपसून काढणं आणि रस्त्यावरून ओढून नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. दीड टनाची गाडी सपाट डांबरी रस्त्यावर ओढत ठेवायला पंचवीसेक किलोचा जोरही पुरतो. दहास एक अशा चढावर त्यात आणखी दीडशे किलोची भर पडते. चिखलात रुतली असेल तर हा आकडा गाडीच्या निम्म्या वजनावर किंवा त्याहूनही पुढे जातो. म्हणून आधी फावड्याने चाकं मोकळी करा, कडक जमिनीवर आणा, आणि मग टोचनचा विचार करा.

रस्त्यावर ओढायला कमी ताणणारा पॉलिएस्टरचा पट्टा किंवा, त्याहून बरी, लोखंडी टो-बार. रबरासारखा ताणणारा नायलॉनचा पट्टा उपसण्यासाठी असतो. तो लावून रस्त्यावर गेलात तर मागची गाडी प्रत्येक ब्रेकनंतर पुढच्या गाडीच्या अंगावर धावते. साखळी अजिबात नको. ती झटका जराही गिळत नाही, सरळ चासीला देते.

अडकवायची जागा म्हणजे चासीला बोल्ट केलेला हुक किंवा कडी. बंपर, अॅक्सल, स्टिअरिंगचा रॉड यांपैकी काहीही नाही. ट्रेलरसाठी असलेला टो-बॉलही नाही: ताणलेल्या पट्ट्याने तो तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा उडतो, आणि त्याने माणसं मेलेली आहेत. जुन्या गाडीत हुक चांगला दिसला तरी त्यामागची चासी गंजलेली असू शकते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा; खणखणीत आवाज यायला हवा. भद्द वाजलं किंवा पापुद्रे गळाले तर दुसरी जागा शोधा.

पुढे दोन हुक असतील तर दोघांना जोडणारा लांब पट्टा वापरून जोर वाटून घ्या. तो आखूड नको. दोन फाट्यांमधला कोन 120 अंश झाला की प्रत्येक फाट्यावर पूर्ण जोर येतो, वाटणीचा फायदा शून्य. 60 अंशांच्या आत ठेवा. शॅकलवर वजनाचा आकडा कोरलेला असावा. पिन पूर्ण आवळून पाव आटा मागे घ्या, नाहीतर ताण बसल्यावर ती उघडत नाही. दोन पट्टे शॅकलने एकमेकांना जोडू नका. पट्ट्याच्या मध्यावर लाल फडकं बांधा, म्हणजे मधून कुणी घुसणार नाही.

टो-बारने ओढत असाल तर रिव्हर्स घेऊ नका. मागच्या गाडीची पुढची चाकं क्षणात एका बाजूला पूर्ण वळतात आणि बार वाकतो.

निघताना आणि वाटेत

मागच्या गाडीत बसणारा माणूस पुढच्यापेक्षा जास्त अनुभवी हवा. लोक याच्या नेमकं उलट करतात. इंजिन बंद असताना ब्रेकला जोर देणारा बूस्टर काम करत नाही. पेडल एक-दोनदा दाबल्यावर दगडासारखं होतं आणि दुप्पट-तिप्पट जोराने दाबावं लागतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड. निघण्यापूर्वी बंद इंजिनवर हे पेडल दाबून पायाला सवय करून घ्या. ब्रेक मुळीच लागत नसतील तर पट्ट्याने ओढायचा बेत तिथेच सोडा. चावी स्टिअरिंग मोकळं राहील त्या जागेवर, हॅझर्ड दिवे चालू, हवा चारही टायरांत सारखी, चाकांचे नट एकदा आवळलेले. हँडब्रेक सुटलाय याची खात्री दोनदा करा: शाफ्टवरचा ड्रम घासत राहिला तर तो इतका तापतो की शेजारचं ऑइल सील करपतं.

खुणा आधी ठरवा. एक हॉर्न, निघालो. दोन, हळू. लांब हॉर्न, थांब. फोनवर बोलत राहण्यापेक्षा हे बरं.

पुढच्याने पहिला पट्टा ताठ होईपर्यंत रांगत जायचं, मग वेग घ्यायचा. वेग ताशी पंचवीस-तीसच्या पुढे नको. मागच्याचं मुख्य काम पट्टा ताठ ठेवणं. उतारावर आणि थांबण्याआधी त्याने आधी हलका ब्रेक लावायचा, पुढच्याने नंतर. जमायला लागलं की दोन्ही गाड्या एकाच दांडीला बांधल्यासारख्या चालतात. पट्टा जमिनीला टेकला तर तो चाकाखाली जायला वेळ लागत नाही. वळणावर मागच्याने थोडं बाहेरून यायचं. आणि चालत्या टोचनमध्ये क्लच सोडून इंजिन सुरू करण्याचा मोह टाळा: इंजिन पकडलंच तर मागची गाडी झेप घेऊन पुढच्यावर आदळते.

दोनेक किलोमीटरवर पहिला थांबा, मग दर पंधरा-वीसवर. ठोकळे लावा आणि हाताचा मागचा भाग आधी जवळ नेऊन, मग टेकवून चारही हब, दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस तपासा. कोमट असेल तर ठीक. तीन-चार सेकंदही हात टिकत नसेल तर तिथे काहीतरी कोरडं फिरतंय किंवा ब्रेक चिकटलाय. एकच हब तापला आणि बाकीचे तीन थंड असतील तर बहुधा बेअरिंग किंवा ब्रेक. ट्रान्सफर केस तापली तर पुढे जाऊ नका, शाफ्ट काढा.

पोचल्यावर

पट्टा सोडण्याआधी ठोकळे. शाफ्ट काढला असेल तर गाडीला हँडब्रेक नाही, हे तिथे भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगा, आणि स्टिअरिंगवर चिठ्ठीही लावा. शाफ्ट परत बसवताना रेघा जुळवा, बोल्ट फुलीच्या क्रमाने आवळा, आणि पन्नासेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावा. मग छोट्या दांड्याची दोरी सोडून तो टू-हायला घ्या. दाते जुळत नसतील तर जोर करू नका. क्लच दाबा, मुख्य गिअर न्यूट्रलला आणा, गाडी वीतभर ढकला आणि पुन्हा प्रयत्न करा.

सगळ्यांत शेवटी ट्रान्सफर केसचा फिलर प्लग उघडून बोट आत घाला. ऑइल भोकाच्या काठापर्यंत असायला हवं. ते दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. बोटावर चमचमणारी बारीक कीस आली तर खालचा ड्रेन प्लगही उघडा, आणि त्या ऑइलवर गाडी चालवू नका.